ठकीची ओळख कोण देणार?

पाचवी ठकी शिजली तेव्हा इरफान मुलाणीने कपाळावर हात मारून घेतला.

शिजली म्हणजे खरोखरच शिजली. आपली डोंगरातली सातेरी मधमाशी दिसायला गरीब, पण तिच्या पेटीच्या दारात गांधीलमाशी येऊ दे, मग बघा! पाचपन्नास जणी तिच्यावर तुटून पडतात, तिचा लाडू वळतात आणि अंग थरथरवून आत एवढी धग करतात की मधली पाहुणी भाजून मरते. डंखसुद्धा वाया घालवत नाहीत. ठकीचंही तेच झालं. ठकी म्हणजे शेंगदाण्याच्या पाकळीएवढी यंत्रमाशी. चालायची, मिशा हलवायची, पंख वाजवायची. पण पेटीच्या फटीत पहिला पाय ठेवला आणि तिचा लाडू झाला. सुटली तेव्हा तिची बॅटरी फुगली होती आणि एक पाय गायब होता.

"हे काही खरं नाही," इरफान म्हणाला. हा माणूस आयुष्यभर कीटकशास्त्र शिकलेला, स्वतःच्या हाताने माशी घडवलेला, आणि खऱ्या माशीला असा घाबरायचा की मार्चच्या उन्हात जाळीच्या टोपीखाली मफलर गुंडाळून बसायचा. उंबरटेपची पोरं त्याला 'बुजगावणंसर' म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

त्याच्या शेजारी तेजल शेलार उकिडवी बसली होती. ती उंबरटेपचीच, मधपाळाची लेक. साताऱ्यात शिकली, सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि फिरून गावातच आली ती 'मोहोर'च्या कामाला. मोहोर ही खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांची आणि मधपाळांची सेवा. कुणी कुठे औषध फवारणार, कुठल्या उतारावर काय फुललंय, हे त्यावर कळवायचं. आता माणसांना कळवणं सोपं. माशांना कोण सांगणार? त्यासाठी ठकी.

माशा एकमेकींना पत्ता सांगतात तो नाचून. पेटीच्या अंधारात, उभ्या पोळ्यावर, फुलं बघून आलेली माशी शेपूट हलवत सरळ रेषेत चालते. ती रेष उभ्यापासून जितकी कललेली, तितकंच बाहेर पडून सूर्यापासून वळायचं. शेपूट जितका वेळ हलली, तितकं लांब जायचं. बाकीच्या जणी तिच्या अंगाला मिशा लावून हे सगळं वाचून घेतात. आणि एखादी धोक्याच्या जागेचा पत्ता सांगत असेल, तर तिथून जीव वाचवून आलेली दुसरी येते, नाचणारीला डोक्याने ढुशी मारते आणि बारीक 'टीं' करते. गप, तिकडे नको! ठकीला नाचही यायचा आणि ढुशीही यायची. फक्त आत जाता येत नव्हतं.

कारण दारात पहारेकरी. मधमाशीच्या अंगावर मेणासारखं तेल असतं आणि प्रत्येक पेटीच्या तेलाचा वास निराळा. पहारेकरी माशा मिशा लावून तो वास घेतात आणि मगच वाट देतात. इरफानने ते तेल प्रयोगशाळेत बनवलं होतं, घटक पारखून, मोजून-मापून. पहारेकऱ्यांना काही केल्या पटत नव्हतं.

"मिश्रण अजून थोडं बरोबर करतो," तो म्हणाला.

तेजल मेलेल्या ठकीकडे बघत होती. एकदम म्हणाली, "इरफान, आपण उलटं करतोय रे."

"म्हणजे?"

"मी मोहोरला लॉगिन जोडलं तेव्हा काय केलं? आमच्या तात्यांसारख्यांना सांगितलं असतं, नवं नाव टाका, नवा पासवर्ड काढा, त्यात एक आकडा आणि एक फुली हवी, तर एकही मधपाळ आला नसता. मी गावच्या सहकारी सोसायटीचं खातं जोडलं. सोसायटी त्यांना ओळखते, मोहोर सोसायटीला ओळखतो. बटण दाबलं की मोहोर सोसायटीला विचारतो, हा माणूस तुमचा का? सोसायटी म्हणते, आमचाच. घ्या आत, एवढ्या कामापुरता, एवढ्या दिवसांपुरता. मोहोरला त्याचा पासवर्ड कळतच नाही. कळायची गरजही नाही."

"लग्नाच्या पंगतीसारखं," इरफान म्हणाला. "वाढपी ओळखत नसतो, पण नवरीचा मामा म्हणतो, बसू दे, आपलेच आहेत."

"बरोब्बर! आणि आपण काय करतोय? ठकीला खोटा जन्मदाखला करून देतोय. तिला मामा शोध, मामा!"

इरफानने मफलर सोडला. त्याचे डोळे लकाकले. "नुकती जन्मलेली माशी," तो सावकाश म्हणाला. "तिच्या अंगाला काहीच वास नसतो. तिला कुणी अडवत नाही. आणि मग ती पोळ्यावर फिरते, लोळते, आणि पोळ्याच्या मेणाचा वास तिला लागतो. पेटीची ओळख राणी देत नाही, पहारेकरी देत नाहीत…"

"मेण देतं!"

"मेण देतं! या अल्ला, किती सोपं!"

झालं! प्रकल्पाच्या दोन चाचणीपेट्या होत्या, त्यातल्या पहिलीतून पोळ्याचा एक तुकडा कापला. नव्या ठकीला स्पिरिटने पुसून निर्गंध केलं आणि तेजलच्या जेवणाच्या डब्यात त्या तुकड्याशेजारी ठेवलं. डबा उन्हात. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी पहिल्या पेटीच्या फटीशी चालत गेली. एक पहारेकरीण पुढे आली, मिशा लावल्या, डोक्यापासून शेपटापर्यंत हुंगलं आणि बाजूला झाली. ठकी आत!

तेजलने अशी आरोळी ठोकली की खालच्या रानात औत धरलेला माणूस थांबून वर बघायला लागला. इरफान तर जाळी फेकून नाचला, माशांच्या अगदी मधोमध, आणि त्याला एकही चावली नाही.

सगळं कसं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट तेजलने इरफानला सांगितली नव्हती.

मोहोरचा नियम तिनेच लिहिलेला. मधपाळाने स्वतः सोसायटीच्या खात्यातून आत येऊन 'परवानगी आहे' दाबल्याशिवाय ठकी त्याच्या पेटीजवळ फिरकणार नाही. आणि गावात उरलेला एकमेव मधपाळ म्हणजे तिचा बाप. हिंदुराव शेलार, उर्फ तात्या. वीसेक पेट्या, प्रत्येकीला नाव, आणि स्वतःच्या माशांबद्दल बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. तात्यांनी ठकी एकदाच बघितली होती आणि निकाल देऊन टाकला होता. "बहुरूपी हाय ही. फौजदाराचं सोंग घेतलं म्हणून कुणी फौजदार होत न्हाई. माज्या पेटीत न्हाई यायची."

पण तात्यांचं सोसायटीचं खातं होतं तेजलच्या फोनात. आपल्याकडे घरोघरी असंच असतं ना? म्हाताऱ्या माणसांचे पासवर्ड पोरांच्या फोनात, ओटीपी पोरांच्या फोनावर. वीजबिल भरायला, सात-बारा काढायला, सगळ्याला तेच. तिने एका दुपारी तात्यांच्या नावाने आत जाऊन 'परवानगी आहे' दाबून टाकलं होतं. वेळ आली की समजावू, म्हणून. ती वेळ काही आली नव्हती.

आणि ठकी आत शिरली त्याच दुपारी खोऱ्यात खबर आली. स्ट्रॉबेरीवर नवा पांढरा तुडतुडा पडला होता, बागा एका रात्रीत माना टाकत होत्या. बागायतदारांनी ठरवलं, उद्या सकाळी सगळ्या खोऱ्यावर एकदम फवारणी, ड्रोनने. औषध जहाल होतं. फुलांवर पाच दिवस राहणार होतं. आणि उंबरटेपच्या माशा चरायला जायच्या त्या त्याच फुलांवर.

"उद्याच!" इरफान ओरडला. "सगळ्या ठकी काढ. आहेत तितक्या!"

मग काय घाई! तेजलने पेटाऱ्यातल्या सगळ्या ठकी पुसल्या आणि डब्यात त्या मेणाच्या तुकड्याभोवती भरल्या. एकदाच सगळ्यांचं उरकलं. दोन-तीन तास उन्हात ठेवलं आणि खात्री म्हणून एक ठकी दुसऱ्या चाचणीपेटीच्या दारात सोडली.

पहारेकरणीने मिशा लावल्या. थबकली. आणि पुढच्या क्षणी लाडू.

दोघं बघतच राहिले. सकाळी चाललं ते आता का चालू नये? इरफानने परत मफलर गुंडाळला. वर खिंडीपलीकडे जांभळी नुकत्या मोहरलेल्या होत्या, माशांना अजून पत्ता लागला नव्हता. सकाळी ठकींनी तो सांगितला असता तर सगळ्या पेट्या वाचल्या असत्या. आणि आता दारातच गाडं अडलं होतं.

तेवढ्यात वाटेवरून आवाज आला. "तेजे! ए तेजे! हाईस का हितं?"

तात्यांचा आवाज. तेजलने ओळखलं, आज काही धडगत नाही.

झालं होतं असं की तात्या चहाच्या टपरीवर बसले होते. फोन आला की कर्णा लावल्यागत मोठ्या आवाजावर ठेवायची त्यांची सवय. मोहोर नम्रपणे बोलला, "नमस्कार, हिंदुराव शेलार. आपण दिलेल्या परवानगीनुसार उद्या सूर्योदयाला ठकी आपल्या सर्व पेट्यांत प्रवेश करतील. धन्यवाद." टपरीवर एकच हशा पिकला. कुणी म्हणालं, "काय तात्या, शेवटी बहुरूपी घरात घेतला म्हणं?" तात्या चहा तसाच टाकून उठले.

"कुणाला इचारून?" ते प्रकल्पाच्या शेडच्या दारातच उभे राहून म्हणाले. पागोट्याखाली चेहरा लाल झाला होता. "माज्या नावानं व्हय म्हणणारी तू कोण?"

"तात्या, ऐका तरी. उद्या फवारणी आहे. पाच दिवस औषध फुलांवर राहणार. पेट्या पाच दिवस कोंडल्या तर माशा आत उकडून मरतील. हलवाव्यात तर…"

"मला शिकवतीस? सातेरी हाय ती. घाईनं हलवली की पेटी सोडून पळती. तुज्या जल्माच्या आधीपास्नं पाळतोय. ते मला ठावं हाय. मी ते इचारतच न्हाई. मी इचारतोय, मला इचारलंस का?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

"मग न्हाई म्हणू द्यायचं हुतं!"

तात्या ओरडले तर तिला कधीच काही वाटायचं नाही, ते रोजचंच होतं. पण आता त्यांचा आवाज फाटला होता. टपरीवर सगळ्यांसमोर त्यांना आपलंच 'हो' दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं होतं. तिला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"माझं खातं तुज्या फोनात," तात्यांचा पट्टा सुरूच होता. "तुज्या आईचं खातं तुज्या फोनात. चुलत्याचं तुज्याच फोनात. समद्यांस्नी एका डब्यात कोंबलंस आन् म्हणतीस कसं, घर एकच हाय! आगं, घर एक असलं म्हणून मानसं एक हुत्यात व्हय?"

तेजलने मान वर केली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"डबा," ती म्हणाली.

"आं?"

"इरफान, डबा! आपण सगळ्या ठकी एकाच डब्यात भरल्या! सगळ्यांना पहिल्या पेटीचा वास! दुसरी पेटी त्यांना कशाला ओळखेल? शेजारच्या लग्नातला मामा आणला आपण!" ती उठून उभी राहिली, तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी. "मी तेच केलं रे! घरात केलं तेच इथे केलं. सगळ्यांचं मिळून एकच खातं!"

इरफान ताडकन उठला. "प्रत्येक पेटीचं मेण निराळं! प्रत्येक ठकीला तिच्या तिच्या पेटीचं मेण!"

तात्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शिव्या खाताना कुणी इतकं खूश झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. "येडी झालीस काय गं?" ते म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजे आता माझी समदी पोळी कापनार?"

इरफान तेजलच्या कानाशी आला. "मेणाचीही परवानगी तूच दाबून टाक, ओटीपी तुझ्याकडेच येतो ना?" तो कुजबुजला. "पेट्या तुला माहीत आहेत. तात्या रागावतील, पण माशा तरी…"

खोटं कशाला बोला, तेजलच्या मनात तेच आलं होतं. अंगठा एकदा दाबायचा अवकाश. तात्या चार दिवस बोलले नसते, मग आईने मध्ये पडून मिटवलं असतं. माशा तर जगल्या असत्या! तिने फोन हातात घेतला.

"तात्या, इकडे बघा," ती म्हणाली. त्यांच्यासमोर तिने मोहोर उघडला आणि त्यांची परवानगी रद्द केली. फोन बोलला, "परवानगी मागे घेतली आहे." इरफानने डोळे मिटून घेतले.

"आता तुमचा फोन द्या. तुमचं खातं तुमच्या फोनात टाकते."

"मला न्हाई जमायचं त्यातलं."

"माशांतलं जमतं, यातलं का नाही जमणार? बसा."

तात्या बसले. तिने सोसायटीचं खातं आपल्या फोनातून काढलं आणि त्यांच्या फोनात आणलं. त्यांचा अंगठा घेतला. मग फोनने गुप्त आकडा मागितला, तसं तात्यांनी पागोटं उतरवलं, फोन पागोट्याआड धरला आणि तेजलला म्हणाले, "तिकडं तोंड कर." ती वळून उभी राहिली. आत बराच वेळ टिकटिक चालली होती.

"आता मोहोर तुम्हाला विचारेल," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "कुणाला आत घ्यायचं, कशासाठी, आणि कुठवर. तुम्ही बोललात तरी चालतं. हो म्हणा, नाही म्हणा. मी काही म्हणणार नाही."

तात्या उठले. फोन बंडीच्या खिशात घातला, पागोटं चढवलं आणि उतरणीला लागले.

तेजल दारात बसून राहिली. ऊन कलायला लागलं. मेण कापून ठकींना त्याचा वास लागायला आता उन्हाशिवाय सगळी रात्र हवी होती, आणि हातातली संध्याकाळ निसटत चालली होती. खाली तात्या पेट्यांमधून फिरताना दिसत होते. एकेका पेटीवर हात ठेवत, कान लावत. थोरली नावाच्या पेटीपाशी थांबले, माहेरवाशिणीपाशी थांबले, सगळ्यात शेवटी कजागपाशी जरा जास्तच थांबले. तिथे त्यांनी खिशातून फोन काढला.

शेडमधलं मोहोरचं यंत्र बोललं. "हिंदुराव शेलार यांची परवानगी. कोण: ठकी. कशासाठी: नाच आणि ढुशी. मधाला तोंड लावायचं नाही. कुठवर: पाच दिवस, सहाव्या दिवशी दिसली तर चिरडीन."

इरफान हसत सुटला. तेजल धावायच्या बेतात होती, तोच खालून हाक आली, "आगं येतीस का? का मेन माशीच आनून देनार हाय तुला?"

पुढची धांदल काय सांगावी! वीस पेट्या, वीस मेणाचे तुकडे, आणि एकाचा वास दुसऱ्याला लागता कामा नये. एवढे डबे आणायचे कुठून? तेव्हा तेजलची आई पुष्पाताई धावून आली. तिने कपाटाच्या वरच्या खणातून भलीमोठी पिशवी काढली. गेल्या कित्येक संक्रांतींच्या हळदीकुंकवांची लुटलेली वाणं! स्टीलच्या एवढ्याएवढ्या डब्या, कुणाच्या कशाला न आलेल्या. "म्हणत होते ना, फेकू नका," ती म्हणाली आणि जिंकल्यासारखी सगळ्यांकडे बघून घेतलं. तात्यांनी धूर देऊन एकेक पेटी उघडली, चौकट उचलली, कोपऱ्यातलं जुनं काळपट मेण चिमटीएवढं कापलं. एका डबीत एक तुकडा, एक ठकी. झाकणावर आईने खडूने नाव लिहिलं. थोरली. माहेरवाशीण. लबाड. दुधाळ. कजाग. मग तात्यांनी सगळ्या पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या आणि डब्या चुलीच्या उबेला मांडल्या.

सूर्य डोंगरावर आला तेव्हा चौघंही पेट्यांपाशी होते. खाली खोऱ्यात ड्रोनची रांग मांडलेली दिसत होती. पेट्यांतून माशांचा कालवा ऐकू येत होता, त्यांना कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. तात्यांनी थोरलीच्या जाळीची फट बोटभर उघडली. तेजलने डबी टेकवली. ठकी चालत गेली.

पहारेकरणी आल्या. हुंगलं. आत!

माहेरवाशीण. आत. लबाडने जरा कुरबूर केली, पण आत. तात्या प्रत्येकीला काहीतरी बोलत होते, "घे बये, आपलीच हाय… तुज्याच घरचा वास हाय… घे." एकेक करत रांग संपत आली आणि शेवटी उरली कजाग. कजाग म्हणजे तात्यांनासुद्धा चावणारी पेटी.

ठकी फटीशी गेली. पाच पहारेकरणी एकदम आल्या. एकीने तिचा पाय धरला. दुसरी पाठीवर चढली. तिसरी, चौथी, पाचवी. इरफान म्हणाला, "गेली."

"थांबा की वाईच!" तात्या गुरकावले.

पाठीवरची माशी ठकीच्या मानेशी मिशा फिरवत होती. पुन्हा फिरवल्या. मग ती उतरली. पाय धरलेलीने पाय सोडला. आणि पाचहीजणींनी मिळून ठकीला आत नेलं, अहो, सासरी आलेल्या पोरीला नेतात तसं!

"घेतली!" तात्या ओरडले. "कजागनं घेतली!" आणि भान विसरून त्यांनी इरफानलाच मिठी मारली, मफलरासकट.

थोरलीला एका बाजूने काच होती. सगळे काचेला डोळे लावून बसले. आत पोळ्यावर ठकी नाचायला लागली होती. वर आणि जरा उजवीकडे, शेपूट हलवत, वळसा घेऊन पुन्हा तीच रेष. जांभळीच्या फुलांचा रस तिच्या तोंडाशी लावलेला होता, तो ती चाखायला देत होती. आधी दोघी आल्या, मग चार, मग घोळकाच तिच्यामागे फिरायला लागला. पलीकडे एक खोडकर म्हातारी माशी स्ट्रॉबेरीचा जुना पत्ता नाचत होती. ठकी वळली, तिच्याकडे गेली आणि डोक्याने ढुशी मारली. टीं! म्हातारी गप्प. "आता गं बया," तात्या पुटपुटले. "ही तर माज्या आईवानी हाय."

खाली ड्रोन उठले. घरघर डोंगरावर आली. तात्यांनी जाळ्या काढल्या.

माशा बाहेर पडल्या. पेट्यांवर घिरट्या घालायला लागल्या. पहिल्या काही जणी सरळ खाली, खोऱ्याकडे सुटल्या आणि तेजलने ओठ दाताखाली धरला. त्या जुन्या खोडीच्या, त्या जायच्याच होत्या आणि परत यायच्या नव्हत्या. पण मागून आलेला सगळा थवा हवेत गोल फिरला, तिरपा झाला, आणि वळला. वर. खिंडीकडे.

"चालल्या!" तेजल किंचाळली. "तात्या, वर चालल्या! जांभळीकडे!"

पागोटं हातात घेऊन तात्या वर बघत राहिले, माशा दिसेनाशा होईपर्यंत. दुपारी त्या परतल्या त्या पोटं तट्ट भरून. उंबरटेपच्या सगळ्या पेट्या पाच दिवस नांदत्या राहिल्या. जांभळीचा मध त्या साली असा दाट उतरला की इरफानची माशीची भीती नाहीशी झाली असं तो स्वतः सांगतो, मफलर मात्र अजून काढत नाही.

सहाव्या सकाळी मुदत संपली. ठरल्याप्रमाणे ठकी एकेक करून पेट्यांतून चालत बाहेर आल्या आणि आपापल्या डबीत जाऊन बसल्या. तात्या त्यांना मोजत बसले होते. कजागची ठकी शेवटी आली, तिला दोन माशा दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. तिला चिरडायचं तात्यांच्या काही मनात दिसलं नाही.

मोहोर बोलला. "हिंदुराव शेलार, परवानगीची मुदत संपली आहे. वाढवायची आहे का?"

तात्यांनी पागोटं उतरवलं, फोन आड धरला. "तिकडं तोंड कर," ते म्हणाले. तेजल वळली. आत ते पुटपुटत होते आणि मध्येच थांबून अंगठा दाबत होते. वाढवली की नाही, हे तिने विचारलं नाही. आता विचारायचं नाही असं तिने ठरवलंच होतं. ते सांगतील तेव्हा सांगतील.

तिचाच फोन वाजला.

सोसायटीचा निरोप होता. खातेदार कधी आकडा विसरला, आजारी पडला, तर त्याच्या वतीने ओळख द्यायला एक माणूस नेमायचा असतो. खाली तात्यांचे बोललेले शब्द जसेच्या तसे उतरले होते.

कोण: माझी लेक तेजल.

कुठवर: मी हाय तवर.

कशासाठी: समद्यासाठी. पर इचारून.

तेजलने मागे वळून बघितलं. तात्यांनी पागोटं डोक्यावर घातलं होतं आणि कजागच्या दारात बसून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, मुंग्या झटकत होते.

"तात्या," ती म्हणाली. "एक विचारू?"

"इचार की," तात्या म्हणाले. "आता इचारायला शिकलीस तर इचार."